आजीवर गेलेली पोर

नवी मुंबईत दिघ्याच्या डोंगरउतारावर, पायऱ्या चढता चढता छाती भरून येते त्या वस्तीत, गिरजाबाई राहायच्या. एकच खोली, वर पोटमाळा. मुलगा धम्मपाल गोदामात फोर्कलिफ्ट चालवतो आणि सून शर्मिला रबाळ्याच्या एमआयडीसीत पॅकिंगला जाते. दोघं सकाळी बाहेर पडली की घरात उरायच्या गिरजाबाई आणि चार वर्षांची नात संबोधी. गिरजाबाईंना परभणीकडून आणलं तेच मुळी या पोरीला सांभाळायला. आणि म्हातारीचा त्या पोरीवर असा काही जीव जडला, की विचारू नका.

पोरगीही आजीचीच. गिरजाबाई पाणी ओतण्याआधी पेल्याच्या काठाला बोट लावायच्या, संबोधीही लावायची. गिरजाबाई बोलताना मान जराशी डावीकडे वळवून बघायच्या, संबोधीही तश्शीच. शेजारणी हसून हसून बेजार. "अगदी आजीवर गेलीय बघा!" धम्मपालने तर व्हिडिओ काढून फॅमिली ग्रुपवर टाकला. गिरजाबाईही फुलून गेल्या. नातीने आपली नक्कल करावी, म्हातारीला आणखी काय पाहिजे?

आता तुम्हाला खरं सांगून टाकतो, नाहीतर पुढचं कळायचं नाही. गिरजाबाईंना डाव्या डोळ्याने दिसत नव्हतं. अगदी लहानपणापासून. डोळा वरून चांगला, टपोरा, पण त्यातून सगळं धुरकट. लग्न ठरलं तेव्हा बापाने दटावलं होतं, "कुनापाशी बोलायचं न्हाई." त्या बोलल्या नाहीत. नवरा त्यांच्याबरोबर अख्खा संसार करून गेला बिचारा, त्यालाही पत्ता लागला नाही. एका डोळ्याने अंतराचा अंदाज येत नाही, म्हणून पेल्याला बोट लावायचं. डावीकडचं दिसत नाही, म्हणून मान वळवायची. लोकांना वाटायचं, बाईची लकब आहे.

मग एके दुपारी शेजारच्या पोरांचा चेंडू डावीकडून आला आणि संबोधीच्या कानशिलावर फाडकन बसला. पोरीने ना मान हलवली, ना हात वर केला. चेंडू येताना तिला दिसलाच नव्हता.

दुसऱ्या दिवशी आंघोळ घातल्यावर त्यांनी टॉवेलाच्या टोकाने तिचा डावा डोळा झाकला. पोर खुदुखुदू हसत उभी. मग उजवा झाकला. तशी ती किंचाळली, आजीचा हात झटकला, टॉवेल ओरबाडला. "काढ ना आजी! काढ!"

गिरजाबाईंनी टॉवेल बाजूला टाकला. म्हणजे कसली नक्कल आणि कसलं काय! लेकराची गतही आपल्यासारखीच होती. आणि लेकरू सांगणार तरी कसं? दोन्ही डोळ्यांनी जग कसं दिसतं, हे त्या जिवाला ठाऊकच कुठे होतं?

तुम्ही म्हणाल, मग सांगायचं की संध्याकाळी सुनेला. अहो, सांगणं इतकं सोपं असतं होय! शेजारच्या शकुबाईंना मोतीबिंदूने नीट दिसत नव्हतं, त्यांच्या हातून नातवाच्या पायावर उकळता चहा सांडला. मुलाने आठवड्याच्या आत त्यांना गावी पोचवलं. तेव्हा शर्मिला म्हणाली होती, "कमी दिसणाऱ्या माणसाच्या हातात पोर देतं का कोणी?" गिरजाबाई तिथेच भाकरी थापत बसल्या होत्या. त्यांनी गावी जायचं म्हणजे थोरल्या मुलाकडे, बाजीरावकडे जायचं, आणि बाजीराव प्यायला की आईवर हात उगारायचा. शिवाय संबोधीशिवाय दिवस कसा काढायचा? पोरीचं सांगायला जावं, तर आपलं बाहेर पडणार. "तुमाला कसं कळलं?" असं सुनेने विचारलं की संपलं. गिरजाबाईंनी मनाची समजूत घातली, की हे काही बरं होणारं नाही. नशिबाचं आहे. मी नाही का निभावलं?

ही समजूतही फार टिकली नाही. गिरजाबाई संबोधीला रोज मोठा रस्ता ओलांडून बालवाडीत नेत, तिथे एक दिवस डोळे तपासायला एका संस्थेची माणसं आली. भिंतीवर चित्रांचा तक्ता. छत्री, मासा, घर. एकेका पोराने एक डोळा तळहाताने झाकायचा आणि चित्रं ओळखायची. संबोधीची पाळी आली. उजवा डोळा झाकायला सांगितल्यावर तिने झाकला, पण बोटं अलगद फाकवली आणि फटीतून बघत धडाधड सांगितलं, "छत्री, मासा, घर!"

"व्हेरी गुड! पुढचं बाळ!" तपासणाऱ्या तरुणासमोर अजून मोठी रांग होती, त्याचं लक्ष नव्हतं.

गिरजाबाईंनी मात्र ती फट पाहिली. तेवढ्यात संस्थेच्या मॅडम आयांना सांगू लागल्या, की एक डोळा आळशी झाला तर पोर कधी बोलून दाखवत नाही. लहानपणीच कळलं तर चष्मा देऊन, चांगल्या डोळ्यावर पट्टी लावून तो डोळा कामाला लावता येतो. उशीर केला, तर मग फार काही हातात राहत नाही.

तेवढ्यात शर्मिलाचा फोन. "आत्याबाई, काय म्हणाले डोळ्यांचं?"

"चांगलेत म्हनले," गिरजाबाई म्हणाल्या.

म्हातारीचा राग येतो ना? मलाही आला होता. पण त्यानंतर तिची काय दशा झाली ते बघा. पोर मांडीवर येऊन बसली की म्हातारी अंग चोरायची. दार उघडं असून त्या खोलीत तिचा जीव गुदमरायचा. बोललं तर पोर जाते, नाही बोललं तर पोरीचा डोळा जातो.

शेवटी रविवारी, सगळी जेवायला बसलेली असताना, गिरजाबाईंनी ताट बाजूला सारलं. "शर्मिला, माझा उजवा डोळा झाक. आन इचार किती बोटं हायती."

शर्मिलाला गंमत वाटली. तिने झाकला आणि तीन बोटं धरली. मग दोन. मग नुसतीच मूठ. गिरजाबाई दर वेळी चुकल्या. हळूहळू तिचं हसू मावळलं.

"आता पोरीचा झाक," गिरजाबाई म्हणाल्या आणि ढसाढसा रडू लागल्या.

डॉक्टर म्हणाले, वेळेत आणलंत. चष्मा दिला, चांगल्या डोळ्यावर रोज पट्टी लावायला सांगितली. घरी आल्यावर शर्मिला भडकली. "तुमी एका डोळ्याने माझ्या पोरीला रोज ठाणे-बेलापूर रोड ओलांडून नेत होता, आत्याबाई? आणि मला चांगलेत म्हणून सांगितलंत?" धम्मपालने एवढंच केलं, की आईला गावी पाठवायचं नाही म्हणाला. पण संबोधीला पाळणाघरात घातलं. पोरीला घेऊन पायऱ्या उतरायच्या नाहीत, गॅसला हात लावायचा नाही, असं गिरजाबाईंना बजावलं.

आठ दिवसांनी, सोमवारी सकाळी शर्मिलाने पट्टी लावली, चष्मा चढवला, पोरीला पाळणाघरात न्यायला दाराबाहेर काढलं. पोर उंबऱ्याला अडखळली, भेदरून मागे वळली, हवेत हात फिरवू लागली. "आजी कुठंय? मम्मी, आजी कुठंय?"

गिरजाबाई तिच्यापासून दोन हातांच्या अंतरावर उभ्या होत्या. आवाज दिला असता तर पोर दारातून हलली नसती. त्यांनी पदराचा बोळा तोंडात कोंबला.