ओट्यावर ठेवलेलं मडकं

माझा मामा फुटबॉलमध्ये माणसं पाडायचा. पाडल्यावर स्वतःच हात वर करून रेफरीला सांगायचा, "हां, मीच पाडा." लपवाछपवी नाही, कांगावा नाही. त्यामुळे लोकांना त्याचं भारी कौतुक. मला मात्र त्या वर केलेल्या हाताचीच जास्त चीड यायची. चोरी ती चोरी, आणि वर शिरजोरी!

तेव्हा मी नंदुरबारच्या पोस्टात नुकताच कारकून म्हणून चिकटलो होतो आणि मामाकडेच राहत होतो. मामा स्टेशनवर मालगोदामाचा बाबू आणि रेल्वेच्या टीमचा कप्तान. मी पोस्टाच्या टीमचा गोलकीपर. घरात ताटाला ताट लावून जेवायचं आणि मैदानात एकमेकांच्या जिवावर उठायचं, असा आमचा संसार. मामी करवादायची, "घरमा फुटबॉलनं नाव काढशात तं भाकरी चुलीमा घालसू!" पण ऐकतो कोण?

मामाचं म्हणणं एकच. "नियम मोडा तं फ्री किक देनी पडस. दिधी. बात संपनी." नियमातच शिक्षा सांगितली आहे, म्हणजे ती किंमतच झाली की! किंमत मोजली, माल आपला. मी तावातावानं म्हणायचो, "मामा, हाई लबाडी शे!" तो गालातल्या गालात हसायचा. "लबाड दपाडस. मी तं हात वर करस." दपाडस म्हणजे लपवतो. यावर मी ताटावरून उठायचो.

आमच्या टीमचा जीव एका माणसात होता. तळोद्यापासून वर सातपुड्यात, धडगावच्या वाटेवर टपालाची पिशवी पोचवणारा तो भील रनर. खांद्याला पिशवी, हातात घुंगरं बांधलेली बरची, आणि घाट तो चालत कधी चढलाच नाही. सामना असला की साहेब त्याला रजा द्यायचे. नावेतून तापी ओलांडून यायचा, बरची माझ्या गोलामागे रोवायचा आणि अनवाणी खेळायचा. एकदा सुटला की सुटला. पायावरच त्याची नोकरी, नोकरीवरच घर. पाय गेला तर सगळंच गेलं, हे साऱ्या गावाला ठाऊक होतं. मामालाही होतं.

सामन्याच्या आदल्या दिवशी जेवताना मामानं भाकरीचा तुकडा मोडला आणि मान वर न करता म्हणाला, "सकाय पाह्यजो, तुमनी डाक लेट व्हयी."

मामी हसली. मला काही हसू आलं नाही. उद्या काय होणार ते तो मला सांगत होता, आणि मला ते कळलंही होतं. मी सकाळी रनरला सांगितलं, मामापासून लांब राहा. तो म्हणाला, "बाबू, लांब राहिलो तर गोल कसा करू?"

सामना बरोबरीत चालला होता. बरोबरी झाली तर ढाल गेल्या सालच्या विजेत्यांकडे, म्हणजे रेल्वेकडेच राहणार होती. दिवस कलला, मैदानावर धुरळा उठला होता, आणि रनर सुटला. पुढे एकटा मामा. मामाच्या पायात बूट. मी दुसऱ्या टोकाच्या गोलातून पाहत होतो. मामानं चेंडूकडे बघितलंसुद्धा नाही.

वाळलेली तुरकाठी गुडघ्यावर मोडावी तसा आवाज झाला. तो मला एवढ्या लांब ऐकू आला असेल का? माझी बायको म्हणते, शक्य नाही. पण मी ऐकला. मामानं हात वर केला. रेफरीनं फ्री किक दिली. "वा रे बाबू, इज्जत राखी!" कोणीतरी ओरडलं आणि टाळ्या पडल्या. आमची फ्री किक वाया गेली. ढाल रेल्वेकडे राहिली.

नडगीचं हाड कातडीबाहेर डोकावत होतं. दवाखान्यात कापडाच्या पट्ट्या आणि बांबूच्या कामट्या बांधल्या. डॉक्टर ठेवून घ्या म्हणत होते, पण त्याच्या माणसांनी त्याला बैलगाडीत घातलं. निघताना त्यानं मला विचारलं, "तुझा मामा येईल ना?"

"तो कशाला येतोय!" मी रागानं म्हणालो.

"येईल," तो म्हणाला. त्याच्या तोंडावर मामाबद्दल जराही राग नव्हता.

चार-पाच दिवसांनी भर दुपारी मी जेवायला घरी आलो तर गल्ली चिडीचूप. मामाच्या दाराला आतून कडी. ओट्याखाली रनरचा म्हातारा बाप आणि त्याच्याबरोबर गावची काही माणसं बसलेली. शेजारी धनुष्यं ठेवलेली. म्हाताऱ्यापुढे एक मडकं, तोंडावर पळसाचं पान बांधलेलं.

मी म्हाताऱ्यापाशी बसलो. त्याची बोली मला अर्धीमुर्धी यायची. त्यानं शांतपणे सांगितलं ते असं: आमच्यात कोणी कोणाला दुखावलं तर दुखावणाऱ्यानं त्याच्यापुढे जाऊन बसायचं. मी केलं म्हणायचं. मडक्यातली मोहाची दारू आधी त्याला द्यायची, मग त्याच द्रोणातून आपण प्यायची. झगडा तुटला. मग त्याचं नाव पुन्हा काढायचं नाही. पैसा नको, पोलीस नको. "तुझा माणूस शहरातला, त्याच्याकडे मडकं कुठलं? म्हणून आम्हीच आणलं."

मी खिडकीशी जाऊन मामाला सारं सांगितलं. आत तो भिंतीला टेकून बसला होता. चेहरा पांढराफटक.

"मी का गुन्हेगार शे?" तो खेकसला. "खेळ व्हता तो! फ्री किक दिधी. त्यासनासंगे दारू पिऊ म्हंजे मी पाप कयं आसं व्हयी!"

"मग हात कशाला वर केला होता?"

"तो नियमना हात व्हता!"

आतून मामी रडायला लागली, दारात दारू आणली म्हणून. मी दार वाजवलं, शिव्या घातल्या, पाया पडतो म्हणालो. कडी निघाली नाही. ऊन उतरलं तेव्हा म्हातारा उठला. मडकं त्यानं ओट्याच्या कोपऱ्यात ठेवलं आणि मला म्हणाला, "पाय काळा पडायला लागलाय. त्याला सांग, वेळ थोडा आहे. पोरगा वाट बघतोय."

मडकं तिथंच राहिलं. मामी सडा घालताना तेवढा कोपरा वगळायची. मामा बाहेर मोठमोठ्यानं बोलायचा, गोदामात हमालांना सामन्याची गोष्ट रंगवून सांगायचा, पण घरी आला की आधी कडी. रस्त्यानं बैलांची घुंगरं वाजली तरी हातातला घास थांबायचा. पोस्टात तळोद्याच्या वाटेवर नवा रनर लागला. ते मी जेवताना मुद्दाम सांगितलं. मामा ताटावरून उठला. आता उठायची पाळी त्याची होती.

शेवटी उठली ती मामी. चातुर्मासात घरात कांदासुद्धा न आणणारी बाई, तिनं पदर खोचला, ओट्यावरून ते मडकं दोन्ही हातांनी उचललं आणि मामापुढे आणून ठेवलं.

"मैदानमा हात वर करस ना? मंग तठे जाईसन कर!"

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघं निघालो. नावेनं तापी ओलांडली, तळोद्यापर्यंत बैलगाडी, पुढे पायवाट. मडकं मामाच्या हातात. वाटेत तो एकदाच बोलला, त्या पोराला रेल्वेत फाटकावर चिकटवता येईल, बसून करायचं काम आहे, साहेबाशी मी बोलेन. मला बरं वाटलं. पहिल्यांदाच मला मामाचा अभिमान वाटला.

पाड्यात शिरलो तर दारातल्या बाया आमच्याकडे बघून आत गेल्या. म्हातारा अंगणात बसला होता. झोपडीच्या कुडाला एक खाट उभी करून टेकवलेली होती. मामानं मडकं म्हाताऱ्यापुढे ठेवलं. मग सवयीनं त्याचा हात वर गेला.

"मीच," तो म्हणाला.

म्हाताऱ्यानं त्या हाताकडे बघितलं. "झगडा तोडायला दोघं लागतात," तो म्हणाला. "परवा एक गेला."

त्यानं मडकं हातानं हळूच मामाकडे सरकवलं. "घेऊन जा. आता हे तुझ्याकडेच राहील."

परतताना नावेत आम्ही दोघंच होतो. तापीला पाणी भरपूर होतं. मला वाटलं, आता हा ते मडकं नदीत सोडणार. त्यानं सोडलं नाही. मग त्यानं मला विचारलं, अगदी बारीक आवाजात, "मी फ्री किक तं दिधी व्हती ना रे?"

नाव हलत होती, आणि मामानं मडकं मांडीवर घट्ट धरलं होतं, आतलं सांडू नये म्हणून.