एक जास्तीची मात्रा

आखातात फुजैराला आम्ही राहायचो तेव्हा, नव्वदीच्या दशकात, डॅडींच्या ऑइल टर्मिनलवरचे एक म्हातारे अमेरिकन इंजिनिअर शुक्रवारी दुपारी आपलं व्हायोलिन घेऊन घरी यायचे. डॅडींनीही वसईच्या चर्चमध्ये वर्षानुवर्षं व्हायोलिन वाजवलं होतं, पण ते नोटेशन समोर ठेवून. इंजिनिअरना नोटेशनचा गंधही नव्हता. व्हायोलिन छातीला टेकवायचे आणि वाजवण्याआधी न चुकता सांगायचे, ही धून कोणाकडून आली. त्यांच्या डोंगरातल्या गावी तसा रिवाजच होता.

एक धून त्यांच्या आजोबांची होती. नाचाची, पण मध्येच एक मात्रा जास्तीची. आजोबांचा थोरला मुलगा कोळशाच्या खाणीत गेला तो परतलाच नाही. तेव्हापासून त्या जागी आजोबा क्षणभर थांबून दाराकडे बघायचे आणि मग पुढे वाजवायचे. शिकणाऱ्यांनी तो क्षणही उचलला.

डॅडींनी धून कागदावर उतरवली आणि ती मात्रा काढून टाकली. म्हणाले, "कॉयरमध्ये असली मिस्टेक केली तर फादर हाकलून देतील."

इंजिनिअर हसले. "हबीबी, दॅट्स नॉट अ मिस्टेक. दॅट्स माय ग्रँडफादर."

डॅडी ऐकतात कसले!

कॉन्ट्रॅक्ट संपलं, इंजिनिअर मायदेशी गेले आणि मग डॅडींना चुटपुट लागली. ती मात्रा नेमकी कुठे होती, कागदावरून कळेना. मी ती धून डॅडींकडूनच शिकले होते, मलाही आठवेना. रिटायर होऊन वसईला गेल्यावर ते फोनवर विचारायचे, "बाय, ती जागा आठवली का गं?"

"डॅडी, लेट इट गो," मी म्हणायचे. त्याची आज मला लाज वाटते.

ते गेले तेव्हा मी अबुधाबीत होते. त्यांचा कागद वसईलाच राहिला. एका संध्याकाळी व्हायोलिन काढलं आणि आठवेल तशी ती धून वाजवली.

"अर्ध्यात थांबतेस का गं?" नवऱ्याने स्वयंपाकघरातून विचारलं.

थांबत नाही, असं मी ठणकावून सांगितलं. पुन्हा वाजवली, तर खरंच थांबले.

धुनेचा दुसरा भाग डॅडींनी कागदाच्या मागच्या बाजूला लिहिला होता. तिथे आले की ते घाईघाईने कागद उलटायचे. मी धून शिकले ती त्या उलटण्यासकट. इंजिनिअरच्या आजोबांची जागा मला कधीच सापडली नाही. ही जागा डॅडींची होती, आणि हे ज्यांना फोन करून सांगायचं ते डॅडीच आता नव्हते.

आता कोणासमोर वाजवायची झाली तर आधी सांगते, ही माझ्या डॅडींकडून आली. मग मध्ये कागद उलटण्यापुरती थांबते.