पाणी उतरेपर्यंत

अरबी समुद्र आपल्याला विचारून चढतो आणि उतरतो, असं मनापासून मानणारी एकच व्यक्ती मला आयुष्यात भेटली. बोईसरला एका पिठाच्या गिरणीवर दोन खोल्यांचं भेटघर आहे. वेगळ्या झालेल्या आईबापांपैकी ज्याच्याकडे मूल राहत नाही, त्याने रविवारी चार ते सहा तिथे येऊन मुलाला भेटायचं. ते भेटघर सांभाळणाऱ्या घिवलीच्या मावशींबद्दल मी बोलतो आहे. समुपदेशक बाई महिन्यातून दोनदा येत, हळू आवाजात बोलत, फॉर्म भरून घेत. उरलेला सगळा कारभार मावशींचा. निम्मं आयुष्य सुकी मासळी विकण्यात गेलेलं, त्यामुळे इथेही त्यांची टोपली कोपऱ्यात असायचीच.

भांडणाऱ्यांसाठी त्यांच्याकडे एकच औषध होतं: सुका जवळा, म्हणजे वाळवलेली अगदी बारीक कोळंबी. आवाज चढले की त्या वर्तमानपत्रावर जवळा ओतत आणि दोघांना कचरा निवडायला बसवत. "भांडा खुशाल, पन हात रिकामे नकोत." मी शाळेत मराठी शिकवणारा, जन्मात मासळीला हात न लावलेला. माझ्या मुलीच्या, ओवीच्या, आईचं माहेर किनाऱ्यावरचं, त्यामुळे तिची बोटं भराभर चालत. मी कचरा ठेवून जवळाच फेकतो आहे हे पाहून ती हसली. वेगळे झाल्यापासून पहिल्यांदा. मावशींनी संधी सोडली नाही. "बाय, यालाच कंटालून सोडलास काय याला?" ती पुन्हा गंभीर झाली, पण अर्धा किलो निवडून झाल्यावरच उठली. माझ्या पिशवीतल्या पुस्तकांना तो वास इतका चिकटला की पहिल्या बाकावरची मुलं आपणहून तिसऱ्या बाकावर गेली.

ओवी तेव्हा सात वर्षांची. माझ्याकडे पाठ करून भिंतीकडे बघत बसायची. दोन तास, एक शब्द नाही. ती अशीच गप्प राहिली तर या भेटीही हळूहळू बंद होतील, हे मला कळत होतं. मी शाळा, मैत्रिणी, जेवण, काहीबाही विचारत सुटलो, तेव्हा मावशींनी मला दाराशी बोलावलं. "पोरीला काय इचारू नका. इचाराला वकील थोडे हायत काय? मला गोष्ट वाचून दाखवा." मग मी दर रविवारी मावशींना गोष्टी वाचून दाखवू लागलो. असा श्रोता शत्रूलाही मिळू नये. दुसऱ्या पानावर त्या घोरत, चौथ्यावर जाग्या होत आणि विचारत, "मग त्या राजाचा काय झाला?" चौथ्या रविवारी भिंतीकडूनच वैतागलेला आवाज आला, "मावशी, राजा नाही, कोल्हा आहे तो. राजा मागच्या गोष्टीत होता." मावशींनी फक्त पुन्हा डोळे मिटले.

त्यानंतर सहा वाजणं अवघड झालं. ओवीची आई दारात येई, घड्याळ बघे, आणि मावशी शांतपणे सांगत, "बस जरा. पानी उतरला नाय अजून." पाणी उतरल्याशिवाय होडीतून माणूस उतरवायचा नाही, तसं गोष्टीतूनही नाही, हा त्यांचा कायदा. गिरणीवरून समुद्र कुठला दिसणार? मी आपला पुस्तकी माणूस. भरती-ओहोटीचं कोष्टक मिळवलं आणि पाहिलं तर एक रविवार सोडून दुसऱ्याला सहाच्या सुमारास पाणी केव्हाच उतरलेलं. मी ते मावशींना दाखवलं. "मास्तर," त्या म्हणाल्या, "तुमचा समुद्र कागदावरचा हाय. गप वाचा."

एरवी मिनिटामिनिटावरून वाद घालणारी ओवीची आई यावर कधी वाद का घालत नाही, याचं मात्र मला नवल वाटे.

या पावसाळ्यात मावशी गेल्या. आता तिथे एक नवी मुलगी असते, नीटनेटकी, कामाला चोख. मावशींनंतरच्या पहिल्या रविवारी ओवी मला वाचून दाखवत होती. सहा वाजले, त्या नव्या मुलीने भेटींची वही मिटली, ओवीची आई दारात आली. ओवीने पुस्तकात बोट घातलं आणि माझ्याकडे न बघता आईकडे बघितलं. कोपरा रिकामा होता, वास मात्र होता.

ओवीची आई मावशींच्या स्टुलावर बसली.

"वाच," ती म्हणाली. "पाणी उतरलं नाही अजून."

कोष्टक माझ्या खिशात होतं. मी ते काढलं नाही.