अठरा हातांची फट

एकाच दगडाने नऊ दिवसांच्या अंतराने दोन माणसे फोडली. पहिला मेला, दुसऱ्याची दोन बोटे गेली. पहिल्या घावाची तक्रार कोणी दिली नाही, दुसऱ्यासाठी माणूस तीन वर्षे तुरुंगात राहिला. या दोहोंत गुन्हा नेमका कोणता? सौंसरच्या कोर्टात हा प्रश्न ज्याने आपल्या भाषेत विचारला, त्या गुणवंता सोमकुवरला तिथे उत्तर मिळाले नाही, आणि पुढील मजकुरातही ते सापडणार नाही. त्या दगडाचा प्रवास तेवढा इथे नोंदवता येतो.

गुणवंता मूळचा लोधीखेड्याचा. बाप शेतमजूर होता. त्याने छप्पन साली दीक्षा घेतली आणि पोराच्या हाती छन्नी दिली. लग्नानंतर गुणवंता पांढुर्ण्याला आला आणि जाम नदीच्या काठी, जमीन सगळ्यांत खोल आहे तिथे, बौद्ध कुटुंबांच्या खालच्या वस्तीत त्याने घर बांधले. तो चुन्यासिमेंटाशिवाय, दगडाला दगड बसवून भिंत उभी करी. त्याने रचलेल्या भिंतीच्या सांध्यात सुरीचे पाते जात नसे. माणूस अबोल होता. बायको यमुना म्हणायची, "हा माणूस दगडासंग बोलते, मंग घरी याच्यापाशी शब्दच उरत नाही."

खालच्या वस्तीत दर दोन-तीन वर्षांनी पाणी शिरे. १९८१च्या पुरानंतर काठावर संरक्षक भिंत मंजूर झाल्याचे सांगण्यात आले. त्र्याऐंशीत पुन्हा सांगण्यात आले आणि पंच्याऐंशीच्या निवडणुकीत तिसऱ्यांदा. तिन्ही वेळा सांगणारा माणूस एकच होता. यशवंतराव हे तालुक्यातले मोठे संत्रा बागाईतदार आणि पुढारी. त्यांना माणसांची नावे पाठ असत, आणि नावाने हाक मारली की निम्मे काम झाले, असा त्यांचा अनुभव होता. १९८६च्या उन्हाळ्यात मात्र खरोखर काम सुरू झाले. बोरगावकडच्या खाणीतून दगड आला आणि दोन मिस्त्री लागले. प्रत्येकाचे काम वेगळे मोजता यावे म्हणून दोघे आपापल्या दगडावर खूण करीत. गुणवंताची खूण तीन तिरप्या रेघांची होती.

आयुष्यात प्रथमच तो स्वतःच्या घरासाठी दगड घडवीत होता. धाकटा भाऊ श्रावण त्याच्या हाताखाली सब्बल, म्हणजे पहार, चालवी. सव्वीस वर्षांच्या श्रावणचे आदल्याच वर्षी लग्न झाले होते. त्याचे घर वस्तीच्या अगदी टोकाला होते, जिथून गुरांची वाट नदीत उतरते तिथे. भिंतीत ती वाट गुणवंताने शेवटासाठी राखली होती, कारण दगड तिथूनच आत येत. फट अठरा हातांची होती. लागणारे सगळे दगड घडवून तिच्या शेजारी रचलेले होते, आणि काम सहा दिवसांचे उरले होते. पोळा आठ दिवसांवर होता.

त्या संध्याकाळी यशवंतराव ओवरसिअरला घेऊन जीपने आले.

"गुणवंता, हात थांबव आता," ते म्हणाले. "भोपाळचे साहेब येऊन राहिले. शेवटल्या तुकड्याचा पहिला दगड त्यायच्या हातून बसवू."

"कधी जी?"

"गोटमारीच्या दिवशी. आख्खा मुलूख काठावर राहते. वेगळी सभा भरवाची गरजच नाही."

पांढुर्ण्याच्या माणसाला हे समजावून सांगावे लागावे, याचेच गुणवंताला नवल वाटले. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी नदीच्या मधोमध पळसाचे झाड रोवतात. अलीकडून पांढुर्णा आणि पलीकडून सावरगाव, अशी दोन्ही गावे ते झाड मिळवण्यासाठी एकमेकांवर दिवसभर दगड चालवतात, तीच गोटमार. त्या दिवशी लागलेल्या दगडाचे, म्हणजे तो फेकणाऱ्याचे, नाव कोणी घेत नाही. आधीचे दोन दिवस काठावरची बाई अंगणातला वरवंटासुद्धा घरात नेऊन ठेवते.

"रावसाहेब, पोळ्याले काठावर दगड राहत नाही जी," तो म्हणाला. "मले सहा दिवस द्या. भिंत बुजवून टाकतो. साहेबाच्या हातून पूजा करा."

"बुजलेल्या भिंतीचा फोटो काय काढतं?" यशवंतराव हसले. "तुह्या दगडापाशी दोन शिपाई उभे करतो, मंग तं झालं?"

"अन् पाणी आलं तं?"

"पाण्याले सांगतो थांब म्हणून. माह्या शब्दाबाहेर नाही ते."

ओवरसिअर हसला. जवळ उभी असलेली वस्तीतली माणसेही हसली, कारण यशवंतरावांसमोर न हसणे अवघड असे. श्रावण तेवढा हसला नाही. जीप गेल्यावर तो म्हणाला, "दादा, आपण उद्या सकाळी कामाले लागू. कोण विचारते?" गुणवंताने नाही म्हणून मान हलवली. त्याने हुकूम कधी मोडला नव्हता. भिंत हुकमानेच आली होती, आणि हुकमानेच ती परत जाईल, याची त्याला धास्ती होती.

गोटमारीच्या दिवशी सकाळी मांडव उभा राहिला, लाउडस्पीकर लागला. दोन शिपायांपैकी एकच आला, आणि तोही अकराच्या सुमारास गर्दीत दिसेनासा झाला. भोपाळचे साहेब येत नसल्याचा निरोप बारा वाजता आला. मांडवातून यशवंतराव निघाले तेव्हा नदीत दगड सुरू झाले होते.

गुणवंताच्या बापाने दीक्षेनंतर गोटमार सोडली होती, आणि भावांनीही ती कधी खेळली नव्हती. त्या दिवशी दोघे हाती बांबू घेऊन आपल्या दगडांसमोर उभे होते. दुपारपर्यंत लोक नदीतले गोटे वेचत होते. मग सावरगावकरांनी झाडाकडे मुसंडी मारली. अलीकडच्या लोकांचे गोटे संपले, आणि शंभरेक माणसे वळून भिंतीकडे धावली.

"सरक बे मिस्त्री. तिकडं आपले पोट्टे फुटून राहिले."

"भिंतीचे हायेत रे. हात नका लावू."

"उद्या आणून देतो तुह्ये दगड. सरक."

पहिल्याच्या मनगटावर गुणवंताने बांबू मारला. दुसऱ्याने त्याच्या पोटात लाथ घातली. तो उठला तेव्हा रचलेला ढीग कमरेइतका खाली आला होता. जडसे दगड आपटून फोडले जात होते आणि त्यांच्या कपच्या ओंजळीओंजळीने पुढे सरकत होत्या. नदीचा गोटा गुळगुळीत असतो. तो हाड मोडतो, डोके सुजवतो. घडीव दगडाला धार असते, तो कापतो. पंधरा मिनिटांत त्या वर्षीच्या जखमा बदलल्या. पलीकडे एकाचा गाल तोंडापर्यंत उघडा पडला, आणि एकजण स्वतःचा कान मुठीत धरून पाण्यात बसला. ढोल वाजतच होते. आणि मग सावरगावकरांनी तेच दगड उचलून परत फेकायला सुरुवात केली.

श्रावण नदीकडे पाठ करून उभा होता. त्याच्या हाती फक्त बांबू होता आणि समोर स्वतःच्याच गावाची माणसे होती. दगड त्याच्या उजव्या कानामागे लागला. तो पडला नाही. प्रथम गुडघ्यांवर बसला, मग भावाकडे बघून काही बोलायला त्याने तोंड उघडले आणि रक्त नाकातून आले. गुणवंताने त्याला मांडीवर घेतले. शेजारी पडलेला दगड त्याच्या मुठीत मावेल एवढा होता. एका बाजूला छन्नीचा सफाईदार काप होता, आणि त्यावर तीन तिरप्या रेघा. रेघांत रक्त भरले होते. दगड नदी दोनदा ओलांडून आला होता.

नागपूरला नेताना वाटेतच श्रावण गेला. परत आल्यावर पोलिसांनी विचारले, कोणी मारला. गुणवंताने उत्तर देण्याआधीच वस्तीतले वडीलधारे बापूजी म्हणाले, "पोळ्याचा दगड हाय साहेब. त्याले नाव नसते." तक्रार झाली नाही.

चौथ्या दिवशी पहाटेपासून वर, सातपुड्याकडे, पाऊस कोसळला. आठच्या सुमारास जाम फुगली. नदीचे पाणी पूर्वी वस्तीत पसरत येई आणि माणसांना भांडी उचलायला सवड मिळे. या वेळी भिंतीने ते दोन्हीकडून अडवले आणि अठरा हातांच्या फटीतून एका लोटाने आत सोडले. ही अर्धवट भिंत नसतीच, तर एवढा जोर आला नसता. हे गुणवंताला इतरांच्या आधी कळले, कारण ती भिंत त्याची होती. फटीसमोर पहिले घर श्रावणचे होते. मातीची भिंत पाण्याने उभीच्या उभी ढकलली आणि छप्पर बसले. आत श्रावणची विधवा प्रेमलता होती. यमुनेने छपराच्या भोकातून हात घातला. हाती केस आले. तिने ते मनगटाला गुंडाळले आणि गुणवंता येईस्तोवर सोडले नाहीत. प्रेमलता वाचली. तिच्या डोक्याची एका बाजूची कातडी निघाली होती. शेजारी हिरामण बागडे वर्षभर अंथरुणाला खिळलेला होता. तो बाजेसकट वाहिला. बाज पुलाच्या खांबाला आपटून मोडली आणि तो दुसऱ्या दिवशी बाभळीत अडकलेला सापडला. त्याचा एक हात बाजेच्या दोरीत होता आणि दुसरा नव्हताच. एकेचाळीस घरे गेली.

गोटमारीपासून नवव्या दिवशी शाळेच्या ओसरीवर पंचनामा झाला. ओवरसिअरने तो वाचून दाखवला. भिंत ठरल्याप्रमाणे पूर्ण झाली होती, परंतु अभूतपूर्व पुराच्या जोराने तिचा अठरा हातांचा भाग वाहून गेला, असे त्यात लिहिले होते. मिस्त्री म्हणून सही गुणवंताची हवी होती. वारा होता. कागद उडू नये म्हणून यशवंतरावांनी डावा तळहात त्यावर दाबून धरला होता आणि उजव्या हाताने ते पेन पुढे करीत होते.

गुणवंताने खांद्यावरच्या पिशवीतून दगड काढून टेबलावर ठेवला. रेघा काळ्या पडल्या होत्या.

"हा पुरात नाही वाहला जी," तो म्हणाला. "हा माह्या भावाच्या डोक्यात होता."

"तुह्यं दुःख मले समजते, गुणवंता. सही कर. वाहून गेली म्हटलं तं पुढच्या सालात पुन्हा मंजूर होते. बांधलीच नाही म्हटलं तं या अधिकाऱ्याची नोकरी जाते अन् तुमची भिंतही जाते. वस्तीचा विचार कर."

"बुजू देली असती तं?"

"झालं ते झालं. आता पाण्यावर कोणाचा हात हाय?"

यमुना ओसरीखाली उभी होती. तिने पुढे नेहमी सांगितले की त्या क्षणी नवऱ्याच्या चेहऱ्यावर राग नव्हता. सांधा जमतो की नाही हे पाहताना तो डोळा बारीक करी, तसाच त्याने केला. मग त्याने दगड उचलला, आणि कागदावरच्या हातावर धारेकडून घातला.

करंगळी आणि तिच्या शेजारचे बोट तिथेच तुटले. अंगठी टेबलावरून घरंगळत ओवरसिअरच्या पायाशी गेली. यशवंतराव ओरडले नाहीत. ते हाताकडे पाहत हळूहळू खुर्चीत खाली सरकले. गुणवंताने दुसरा घाव घातला नाही. धावून आलेल्या माणसांनी त्याला ओसरीच्या खांबाशी दाबले आणि त्याची हनुवटी फुटेपर्यंत मारले. त्याने हात वर केला नाही. पंचनाम्याचा कागद रक्ताने भिजला होता, तो दुसऱ्या दिवशी पुन्हा लिहिला गेला. त्यावर दुसऱ्या मिस्त्रीने सही केली.

सौंसरला खटला चालला तेव्हा दगड चिठ्ठी लावून टेबलावर ठेवला होता. काही सांगायचे आहे काय, असे विचारल्यावर गुणवंता म्हणाला, "साहेब, दगड तोच हाय. पयल्या वक्ताले कोणी विचारलं नाही. नऊ दिवसांत दगडाले नाव कुठून आलं?"

ही बाब या खटल्याच्या कक्षेत येत नाही, असे न्यायाधीश शांतपणे म्हणाले. त्यांचा स्वर कठोर नव्हता. शिक्षा तीन वर्षांची झाली.

यमुना आणि प्रेमलता दोघी जामसांवळीच्या रस्त्यावर खडी फोडू लागल्या. पुढच्या निवडणुकीत यशवंतराव सभांतून डावा हात उंच करून दाखवीत. "या नदीने माझी दोन बोटे घेतली, पण मी तुमचा काठ सोडला नाही," असे ते म्हणत. ते निवडून आले. गुणवंता तुरुंगातून सुटून आला तो एकोणनव्वदच्या डिसेंबरात. त्याने पुन्हा छन्नी धरली नाही. पण दर वर्षी पोळ्याआधी दोन दिवस तो फटीपाशी जाऊन बसे आणि आसपास पडलेला लहानमोठा प्रत्येक दगड वेचून घरात नेई. खोली दगडांनी भरली. एकदा यमुना वैतागून म्हणाली, "आता आपण कुठं निजाचं?"

"बाहेर," तो म्हणाला. "पोळा होईस्तोवर."

गुणवंता सोमकुवर १९९४च्या मार्चमध्ये वारला. भिंतीतली फट त्या दिवशीही अठरा हातांचीच होती.