जिन्याने उतरलेल्या पेशी

पूर्ण नाव : भिंगरी. जन्म : एकोणीसशे एकसष्ट. त्यापुढील रकाना सुदैवाने अद्याप रिकामा असून तो तसाच राहावा अशी सर्व संबंधितांची इच्छा आहे. दाखल्यावर तिचे दुसरे एक भारदस्त नाव नोंदलेले आहे. परंतु त्या नावाने हाक मारली असता ती स्वतःदेखील मागे वळून पाहत नाही, म्हणून ते येथे बाजूस ठेवले आहे.

नाव तिच्या आईने पाडले आणि त्यास सबळ कारण होते. ही मुलगी रांगायची थांबली ती थेट उडी मारू लागली; मधली चालण्याची पायरी तिने गाळली, ती कायमचीच. “अगं, जमीन तापलीय का?” असे आई दिवसाकाठी अनेकदा विचारी. तिच्या एकटीमुळे प्रार्थनेची अख्खी रांग हलते, अशी शाळेतून तक्रार येई. पुढे लग्न झाले ते एका घड्याळजीशी, ज्याच्या धंद्यात थरथर मुळीच खपत नसे. दुकानात येण्यापूर्वी तिने उंबऱ्याशी थांबून खाकरावे, म्हणजे चिमट्यातला काटा खाली ठेवता येईल, असा दोघांत करार झाला, आणि तो उभय पक्षांनी निष्ठेने पाळला.

बरीच वर्षे तिने शाळेत जीवशास्त्र शिकवले. फळ्याच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत बाई चालत गेल्या, असे तिच्या विद्यार्थ्यांपैकी कोणालाही आठवत नाही. मग पंचेचाळिशी उलटली. “आता गुडघे सांभाळायचे दिवस,” असे नातलग समजावू लागले, तेव्हा तिने हाडांवर संशोधन करणाऱ्या एका प्रयोगशाळेत डॉक्टरेटसाठी नाव घातले. गुडघ्यांबाबत तिने इतकेच केले.

प्रयोगशाळेचा विषय थोडक्यात सांगणे अवश्य आहे. माणसाच्या गळ्यात, थायरॉइडच्या पाठीशी, तांदळाच्या दाण्याएवढ्या चार ग्रंथी दडलेल्या असतात. त्यांतून पाझरणारे संप्रेरक मोठे लहरी : सतत मिळत राहिले तर हाड झिजते, आणि थोडेसे, अधूनमधून मिळाले तर तेच हाड भरून येते. आता हाडाच्या आत स्वतःला गाडून घेतलेल्या काही पेशी असतात. त्यांच्यातले एक जनुक असे आहे, की ते जोवर बोलत राहते तोवर नवे हाड घडत नाही. घरात काही नवे करायचे म्हटले की कोपऱ्यातून “कशाला?” म्हणणारा एखादा वडीलधारा असतो, अगदी तसे. प्रयोगशाळेत त्या जनुकाचे शास्त्रीय नाव फक्त पाहुण्यांसमोर घेतले जाई; एरवी सगळे त्याला ‘कशालाकाका’ म्हणत. संप्रेरकाचा थेंब पडला की कशालाकाका गप्प होतात. ते किती गप्प होतात, हे मोजणे हा भिंगरीच्या प्रबंधाचा विषय होता.

मोजण्याची रीत सरळ होती. पेशींच्या डिशा दोन तऱ्हेच्या. एकीत ‘बफर’ नावाच्या द्रवात विरघळवलेले संप्रेरक घालायचे. दुसरीत काहीच नाही, नुसता तोच द्रव. ही दुसरी म्हणजे ‘कंट्रोल’. थेंब घालण्याचे निर्जंतुक कपाट इमारतीच्या वरच्या मजल्यावर होते आणि पेशींना उबेत ठेवणारा इन्क्युबेटर तळघरात, म्हणून डिशा ट्रेमध्ये ठेवून खाली न्याव्या लागत. काही तासांनी पेशी फोडून काकांचे बोलणे यंत्रावर मोजायचे. त्यानंतर आकडे मांडायचे, आणि ते सरांच्या पद्धतीने : कंट्रोल म्हणजे ‘एक’. यंत्राने मूळ आकडा काहीही दिलेला असो, कंट्रोलला एक धरायचे आणि बाकी सारे त्याच्या पटीत. पद्धत सर्वमान्य होती, सुटसुटीत होती, आणि प्रयोगशाळेचे प्रमुख असलेल्या सरांना सुटसुटीतपणा अन्नाहून प्रिय होता.

भिंगरीबरोबरच रुजू झालेला एक गृहस्थ होता. तो इतका मोजूनमापून पाऊल टाकी, की त्याच्या हातातील चहाचा कप कधी लहरला नाही. त्याला सारे ‘तराजू’ म्हणत. तराजूने प्रयोग केला की कंट्रोल एक आणि संप्रेरकाची डिश निम्म्याहून खाली : काका गप्प. भिंगरीने तोच प्रयोग केला की कंट्रोल एक आणि संप्रेरकाची डिशही जवळजवळ एक : काका जसेच्या तसे. एकदा नव्हे, तीन वर्षे.

तिने पिपेट बदलले, पाणी बदलले, फ्रीजरचा खण बदलला. तराजूच्याच कुपीतले संप्रेरक उसने घेतले. तराजू शेजारी बसून तिचा हात पाहत राहिला आणि त्याला खोट काढता आली नाही, याचे त्यालाच जास्त वाईट वाटले.

“हात तर छान चालतो गं तुझा,” तो म्हणाला.

“मग घोडं पेंड कुठे खातं?”

“काय सांगू? काहींना हातगुण नसतो.”

“तीस वर्षं स्वयंपाक करतेय मी. अजून कोणी दगावलेलं नाही.”

“कोणी तक्रार करायला उरलंच नसेल,” तराजू गंभीरपणे म्हणाला. तो विनोदही तोलून करी.

अखेर सरांनी तिला बोलावले. सर टेबलावरील पेन्सिली उंचीच्या क्रमाने लावत होते. हे लक्षण बरे नसे.

“भिंगरीबाई, तुमच्या कष्टांबद्दल माझ्या मनात शंका नाही. पण शुक्रवारी समिती बसतेय. सगळ्यांचं संप्रेरक चालतं आणि तुमचंच चालत नाही, असा प्रबंध मी त्यांच्यापुढे कोणत्या तोंडानं ठेवू? काही उलगडा निघाला तर ठीक. नाहीतर तुमचा विषय मागे घ्यावा लागेल.”

“म्हणजे तीन वर्षं पाण्यात, सर?”

“पाण्यात नाही हो. बफरमध्ये,” सर म्हणाले, आणि आपण विनोद केला हे लक्षात आल्यावर स्वतःच ओशाळले.

त्या संध्याकाळी ती घरी आली ती अगदी सावकाश, पाय ओढत. दुकानाच्या उंबऱ्याशी ती खाकरली नाही. खाकरण्याची गरज पडली नाही. घड्याळजीने भिंग डोळ्यावरून काढून तिच्याकडे पाहिले आणि हातातले घड्याळ बाजूला सारले.

दुकानाच्या वरच घर होते आणि घरात सासूबाई होत्या. त्यांचे मनगट मागच्या हिवाळ्यात नुसत्या खुर्चीला आपटून मोडले होते, आणि हाडे ठिसूळ झाल्याचे निदान झाले होते. डॉक्टरांनी गोळ्यांखेरीज एक व्यायाम सांगितला होता : टेबलाला धरून टाचा उचलायच्या आणि धप्पदिशी खाली सोडायच्या. सासूबाईंना हा प्रकार अत्यंत अप्रतिष्ठित वाटे.

“चला आई, टाचा,” भिंगरी म्हणाली.

“आज राहू दे. तुझं तोंड बघ केवढं झालंय.”

“तोंडाचं मी बघते. तुम्ही टाचांचं बघा.”

“अगं, पण धपधप कशाला? गोळी घेते ना मी. गोळीनं काय व्हायचं ते होईल.”

येथे भिंगरीतील जुनी मास्तरीण जागी झाली. तिने सासूबाईंच्या समोर टेबलाला धरले, स्वतःच्या टाचा उचलल्या आणि शिकवू लागली. “अहो, गोळीचं काम गोळी करते आणि धक्क्याचं काम धक्का. हाडाच्या आतल्या पेशी द्रवात बसलेल्या असतात. टाच आपटली की तो द्रव हिंदकळतो, पेशींना कळतं की मालकीण अजून हिंडतेफिरतेय, आणि मग ते कशालाकाका आपोआप गप्प होतात. औषधाचा थेंबसुद्धा न घालता, नुसत्या हिंदकळ—”

आणि ती थांबली. टाचा तशाच वर राहिल्या.

“काय झालं? उसण भरली का?” सासूबाईंनी विचारले.

भिंगरी वरच्या मजल्यावरून तळघरात जाणारा जिना डोळ्यांसमोर पाहत होती. लिफ्टची वाट पाहत उभे राहणे तिला जन्मात जमले नव्हते. साऱ्या प्रयोगशाळेत एकटीच ती ट्रे घेऊन जिन्याने उतरे, आणि जिन्याने उतरे म्हणजे काय, तर दोन-दोन पायऱ्या गाळत, वळणावर गिरकी घेत. ट्रेमध्ये संप्रेरकाच्या डिशा असत, तशा कंट्रोलच्याही असत. त्या साऱ्या हिंदकळत. तिच्या कंट्रोलमधले काका तळघरात पोहोचेपर्यंतच गप्प होत असले पाहिजेत. मग संप्रेरकाने गप्प करायला उरणार कोण? आणि त्या दबलेल्या आवाजाला तीन वर्षे दर वेळी ‘एक’ असे नाव देऊन, सरांच्या पद्धतीने, तिने स्वतःच झाकून टाकले होते. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात, तो हाच.

“आई,” ती म्हणाली, “माझ्या हातगुणात काही खोट नाही. पायगुण आडवा आला.”

“ते मी लग्नातच म्हटलं होतं,” सासूबाई म्हणाल्या, “पण माझं ऐकतं कोण?” आणि सून घरभर नाचू लागली तेव्हा नाइलाजाने त्यांनी टाचा आपटायला प्रारंभ केला, कारण नुसते पाहत उभे राहणे अधिकच अप्रतिष्ठित दिसले असते. खालून घड्याळजीने छताकडे पाहिले, चिमटा शांतपणे खाली ठेवला आणि बऱ्याच दिवसांनी हसला.

दुसऱ्या दिवशी सकाळी हा उलगडा ऐकून तराजूने प्रथम तिच्या कपाळाला हात लावून ताप पाहिला. “नाचता येईना अंगण वाकडं,” तो म्हणाला.

“उलटं आहे. नाचता येतंय, म्हणून अंगण वाकडं.”

“सर मानणार नाहीत.”

“मानू नये. मोजावं. आज माझा ट्रे लिफ्टनं जाईल आणि तुझा जिन्यानं. माझ्यासारखा.”

“तुझ्यासारखा म्हणजे?”

तिने दाखवले. तराजूचा चेहरा पांढरा पडला.

सर आले. त्यांनी सगळे ऐकून घेतले, चष्मा पुसला, आणि मान्यता दिली ती या अटीवर, की प्रयोग शिस्तीत व्हावा. शिस्तीत उड्या कशा माराव्यात याचा विचार त्यांनी स्वतः केला : पाऊल कुठे पडावे, वळण कसे घ्यावे, हे त्यांनी भिंगरीकडून समजून घेतले आणि तराजूला समजावून दिले. त्यानंतर जे घडले ते त्या इमारतीत पूर्वी घडले नव्हते. तराजू ट्रे छातीशी धरून, डोळे मिटून, एखादे कपाट जिन्यावरून सोडून द्यावे तसा उतरू लागला. प्रत्येक आदळण्याबरोबर त्याच्या तोंडून “अरे देवा” असे बाहेर पडे. सर कठड्याला धरून मागोमाग येत होते आणि सूचना देत होते. “गुडघा सैल. गुडघा सैल ठेवा. गिरकी राहिली. परत वर जाऊ नका, पुढच्या वळणावर घ्या.” पुढच्या वळणावर तराजूने गिरकी घेतली. ती फार सुंदर नव्हती, पण प्रामाणिक होती. ती पाहून सरांचे भान सुटले आणि शेवटच्या दोन पायऱ्या त्यांनीही गाळल्या. त्यांच्या हातात ट्रे नव्हता. शास्त्राच्या दृष्टीने त्या उडीचा काहीही उपयोग नव्हता.

इकडे भिंगरी लिफ्टमध्ये उभी होती. हलायचे नाही, एवढेच तिला करायचे होते, आणि आयुष्यात एवढे अवघड काम तिने केले नव्हते. दार उघडले तेव्हा घामाने तिचा चष्मा धुकटला होता, पण डिशांतील द्रव आरशासारखा निश्चल होता.

निकाल गुरुवारी दुपारी आला. सर सवयीने म्हणाले, “आता कंट्रोल एक धरून...” आणि तिघेही एकमेकांकडे पाहू लागले.

“नको, सर,” भिंगरी म्हणाली. “आज मूळ आकडे वाचू या. एक कोणी नाही.”

मूळ आकडे वाचले गेले. लिफ्टने आलेल्या कंट्रोलमध्ये कशालाकाका मोठ्या आवाजात बोलत होते. संप्रेरकाच्या डिशेत गप्प. भिंगरीच्या हाताने, पहिल्यांदाच. जिन्याने आलेल्या तराजूच्या कंट्रोलमध्ये मात्र, संप्रेरकाचा थेंबही नसताना, काकांची वाचा बसली होती. मग तिचे जुने मूळ आकडे काढले. तीन वर्षांची प्रत्येक कंट्रोल तशीच मुकी निघाली.

“म्हणजे माझा प्रयोग आयुष्यात पहिल्यांदा बिघडला,” तराजू आनंदाने म्हणाला. त्याला इतके हसू येत होते की त्याने हातातला कप, लहरण्यापूर्वी, टेबलावर ठेवला.

सरांनी पेन्सिलींची रांग पाहिली आणि त्यांतील एक, उंचीचा विचार न करता, भलत्याच जागी ठेवली. “भिंगरीबाई,” ते म्हणाले, “चूक तुमच्या पायांची खरी. पण ती झाकणारा नियम माझा. हे समितीला मी सांगेन, माझ्या तोंडानं.” आणि शुक्रवारी त्यांनी तसे सांगितले.

नंतर ठरले ते असे. विषय मागे घेतला गेला नाही. त्याचे शीर्षक बदलून त्यात संप्रेरकाच्या जोडीला धक्का आला, आणि पुढे डॉक्टरेट त्याच शीर्षकावर मिळाली. कंट्रोलला एक धरण्याची पद्धत चालू राहिली, परंतु मूळ आकडा शेजारी लिहिल्याखेरीज सर सही करीत नाहीत. जिन्याच्या तोंडाशी एक पाटी लागली : ‘हातात पेशी असताना उड्या मारू नयेत. इतर वेळी हरकत नाही.’ दुसरे वाक्य सरांनी स्वतः घातले. सासूबाईंची हाडे पुढील तपासणीत होती तितकीच निघाली, रेसभरही कमी नाही. त्यांनी त्याचे श्रेय गोळीला दिले आणि टाचा आपटणे सोडले नाही.

राहिले ते असे. संप्रेरक आणि धक्का कशालाकाकांना एकाच दाराने गाठतात की दोन वेगळ्या, हा प्रश्न सुटलेला नाही. शिवाय तीन वर्षांचे सारे प्रयोग लिफ्टने पुन्हा करावे लागले आणि काही अजून बाकी आहेत. त्यासाठी भिंगरी ट्रे घेऊन लिफ्टमध्ये उभी राहते, ताठ, देवळातल्या समईसारखी. एकदा शेजारी उभ्या असलेल्या तराजूने खाली पाहिले, तर तिच्या बुटांच्या आत बोटे ताल धरून हलताना दिसत होती.

“हे चालतं का गं?” त्याने विचारले.

“माहीत नाही,” ती म्हणाली. “अजून मोजलेलं नाही.”