एक वाव, एक हात लांबीचं वल्हं

ज्या गावात नळाला पाणी आलं की बायका एकमेकींना फोन करून सांगतात, त्या सोलापुरात फेब्रुवारीतल्या एका सकाळी मी एसटी स्टँडवर वल्हं घेऊन उभी होते. वल्हं जुन्या चादरीत गुंडाळलेलं आणि माझ्यापेक्षा हातभर उंच. येणारा-जाणारा आधी त्याच्याकडं बघे, मग माझ्याकडं, आणि माझ्याकडं जरा जास्तच वेळ.

"मावशी, पाडव्याला अवकाश हाय की अजून," कंडक्टर म्हणाला. "गुढी आत्तापास्नं कुटं निगाली?"

"गुढी नाही, वल्हं आहे."

"वल्हं? सोलापुरात?"

"सोलापुरात नाही. उजनीला चाललेय."

त्यानं थोडा विचार केला. "मग मधल्या वाटंत आडवं टाका. कुनाच्या पायात येऊ देऊ नगा."

टेंभुर्णीपर्यंत ते प्रत्येकाच्या पायात आलं. मोहोळला चढलेल्या एका आजोबांनी तर त्याच्यावर पाय ठेवून झोप काढली. मला त्यांचा हेवा वाटला. आठवडाभर ऑफिस, घर, स्वयंपाक, आणि सुट्टीच्या दिवशी हे. पन्नाशी उलटलेल्या बाईनं पाण्यात जाऊन वल्हं मारायला शिकावं, असं माझ्या स्वप्नातही आलं नव्हतं. ते अण्णाच्या मनात आलं.

अण्णा म्हणजे माझा थोरला भाऊ. आम्ही भवानी पेठेतले, घरात तेलुगू बोलणारे विणकर. अण्णाचे यंत्रमाग वर्षापूर्वी भंगारात गेले. तेव्हापासून तो बाजेवर बसतो आणि समोरच्या रिकाम्या शेडकडं बघतो. मी सात रस्त्याजवळच्या एका ऑफिसातून संध्याकाळी येते आणि त्याला उमेद देते. आज बरा दिसतोस, आज दोन भाकरी खाल्ल्यास, आज रंग उजळलाय. यातलं एकही खरं नसतं, आणि ते त्यालाही ठाऊक असतं. माणूस कामानं दमतो त्यापेक्षा अशा बोलण्यानं जास्त दमतो.

याच हिवाळ्याच्या सुरुवातीला मी त्याला उजनीच्या फुगवट्यावर (धरणामागं पसरलेलं पाणी) रोहित पक्षी दाखवायला नेलं होतं. त्यानं पक्ष्यांकडं ढुंकूनही पाहिलं नाही. तिथं मच्छिंद्रभाऊ म्हणून एक गृहस्थ आहेत. ते मूळचे मासेमारी करणारे, मधली काही वर्षं गोव्यात होड्या चालवल्या, आता पक्षी बघायला येणाऱ्यांना कयाक (एकट्यानं वल्हवायची अरुंद होडी) भाड्यानं देतात. त्यांच्या छपरात प्लास्टिकच्या रुंद वल्ह्यांच्या गर्दीत एक लाकडी वल्हं होतं. दोन्ही टोकांना पाती, पण पाती अगदी निमुळती, फळीच्या पट्टीएवढी. कुणी परदेशी पाहुणा ते मागं ठेवून गेला होता. बर्फाच्या मुलखातले शिकारी पिढ्यान्पिढ्या असलीच वल्ही वापरतात, असं त्यानं सांगितलं होतं म्हणे.

अण्णानं ते हातात घेतलं, फिरवलं, पुन्हा फिरवलं. मग वर्षात पहिल्यांदा त्यानं आपणहून कुणाला तरी काही विचारलं. "याचं माप काय?"

"ज्याचं वल्हं त्याच्याच अंगाचं माप, दादा," मच्छिंद्रभाऊ म्हणाले. "एक वाव (दोन्ही हात पसरल्यावर भरतं तेवढं अंतर), आन् वर एक हात. पातं मुठीत मावंल येवढंच रुंद."

घरी आल्यावर अण्णानं आजोबांच्या मोडून ठेवलेल्या हातमागाचं सागवान काढलं, आणि मला भिंतीशी हात पसरून उभं केलं.

"माझं माप का?"

"माझा गुडघा वाकत नाही, चेल्ली (धाकटी बहीण). तू बसशील."

काही आठवडे तो खपत होता. पूर्ण झालं तेव्हा त्यानं वल्हं माझ्या मांडीवर ठेवलं. "पाण्यात घालून ये. मग सांग, बागुंदा (चांगलं आहे का)."

"आणि नसलं तर?"

"तर चुलीत घाल. माझे हात गेले म्हणायचं."

हे ऐकल्यावर बहिणीनं काय करावं? कामाची सबब नाही, डोकेदुखीची नाही. निघाले.

टेंभुर्णीला गाडी बदलायची होती. तिथं शेळ्या घेऊन बाजाराला निघालेल्या एका बाईनं चादरीखालून डोकावणारं टोक चाचपलं आणि मान हलवली. "शेरडं हाकाया लई लांब हाय की ह्ये." मी म्हटलं, पाण्यात चालवायचं आहे. "असंल बया," ती म्हणाली, आणि शेळ्या माझ्यापासून थोड्या लांब घेतल्या.

कंदरच्या पुढं मच्छिंद्रभाऊ मोटरसायकल घेऊन उभे होते. दोन्ही बाजूंना ऊस, मधे बैलगाडीपुरता रस्ता. मी मागं बसून वल्हं आडवं धरलं, त्याचं टोक उसात अडकलं आणि मी जागच्या जागी उतरले. म्हणजे पडलेच. कंबर धरून उठले, वल्ह्याला काही झालं नाही ना ते आधी पाहिलं, आणि पुढचा रस्ता ते भाल्यासारखं उभं धरून गेले. उसाला पाणी देणारे लोक वळून बघत होते. बघोत बापडे.

पाणी खूप आत ओसरलं होतं. काठाला राखाडी गाळ, पलीकडं उथळ पाण्यात रोहित पक्ष्यांची फिकी गुलाबी रांग. तरंगायचं जॅकेट चढवून मी कयाकमधे बसले आणि दोन्ही कडा घट्ट धरल्या. मला पोहता येत नाही.

"पानी कमरंइतकंच हाय," मच्छिंद्रभाऊ गाळात उभे राहून म्हणाले. "हात छातीच्या खाली ठिवा. वल्हं आडवंच चालवायचं, उबं न्हाय. वरची कड जराशी फुडं कलवा, पातं बुडू द्या, आन् मग वडा."

मी पातं पाण्यात घातलं आणि ओढलं. ते मासळीसारखं फडफडलं आणि सटकलं. पुन्हा ओढलं, पुन्हा तेच.

"ताई, झटका नगा देऊ."

पण माझ्या हाताला दुसरं काही येतच नव्हतं. लहानपणी शाळेतून आले की आजोबांच्या मागावर बसायचे. उजव्या हातानं दोरीच्या मुठीला झटका द्यायचा, की धोटा (आडवा धागा नेणारी लाकडी नळी) या टोकाचा त्या टोकाला. झटका कमी पडला तर धोटा मधेच अडकतो आणि मार मिळतो. एवढं शिकवलेला हात एका सकाळीत कसा विसरेल? मी झटके देत राहिले, आणि शेवटच्या झटक्याला कयाक, मी आणि वल्हं तिन्ही गाळात. नाकातोंडात गेलेलं ते पाणी कुठल्याही पक्षी-अभयारण्याच्या फोटोत दिसत नाही.

मच्छिंद्रभाऊंच्या बायकोनं, सुमनवहिनींनी, मला कोरडं लुगडं दिलं आणि चिलापीचं (या धरणातला मासा) कालवण आणि ज्वारीची भाकरी पुढं ठेवली. तिखटानं डोळ्यांत पाणी आलं. ते सगळंच तिखटाचं नव्हतं.

"जमंना व्हय?" वहिनींनी विचारलं.

"नाही जमत."

"मग खावा आदी. उपाशी मानसाला काय जमतंय?"

दुपार कलल्यावर मी पुन्हा बसले ती केवळ अण्णासाठी. खांदे भरून आले होते, कंबर ठणकत होती. झटका द्यायलाही अंगात जोर उरला नव्हता. पातं पाण्यात सोडलं आणि ते बुडेपर्यंत नुसती बसून राहिले. मग पाय आपोआप दाबला गेला. उजवं पातं, उजवा पाय. डावं पातं, डावा पाय. मागाच्या पावड्या (पायांनी दाबायच्या पट्ट्या) अशाच एकाआड एक दाबतात. हाताला झटक्याची खोड होती, पण पायांना घाई कधीच नव्हती. कयाक आवाज न करता पुढं सरकली. थोड्या वेळानं काठ मागं राहिला आणि मला भीती वाटायची राहून गेली. किती दिवसांत काही इतकं सोपं गेलं नव्हतं.

फक्त डावीकडं दर वेळी पातं थरथरत होतं. आधी वाटलं, माझाच हात. कड कलवून पाहिली, हळू ओढून पाहिलं. मग मच्छिंद्रभाऊ काठावरून ओरडले, "वल्हं उलटं धरा की!"

मी टोकं बदलली. थरथर उजवीकडं आली.

म्हणजे खोट वल्ह्यातच होती. खोट माझ्यात असती तर किती बरं झालं असतं.

मच्छिंद्रभाऊंनी दोन्ही पाती निरखून पाहिली. "ह्याला धार हाय. आन् ह्याची कड जाड, गोल ठिवलीया. ताई, दादांना काय सांगू नगा. मी हितंच घासून देतो, पत्त्या लागायचा न्हाय." ते आतून कानस घेऊनही आले.

मी 'द्या' म्हणणारच होते. घरी जाऊन एवढंच सांगायचं होतं: बागुंदी, चांगलं आहे. वर्षभर सांगितलेल्या शंभर गोष्टींत आणखी एक. पण त्यांची कानस लाकडाला टेकली आणि माझ्या तोंडून निघालं, "राहू द्या." का, ते मला तेव्हा नीट सांगता आलं नसतं. अण्णाला पुन्हा एकदा गोड बोलून निजवायचं, याचाच कंटाळा आला होता बहुतेक.

परतीच्या गाडीत वल्हं माझ्या मांडीवरून पलीकडच्या शिटापर्यंत पसरलं होतं. चुलीत घाल, असं तो म्हणाला होता. अण्णा बोलतो तसं करतो.

रात्री जेवणवेळेला घरी पोचले. अण्णा बाजेवरच होता, पण तोंड दाराकडं.

"बागुंदा?"

"लेदु (नाही)," मी म्हटलं. "पळतं छान. पण एक पातं थरथरतं, अण्णा. एकाची कड..."

"कुठलं ते सांगू नको."

त्यानं वल्हं घेतलं, डोळे मिटले आणि कडेवरून अंगठा फिरवत नेला, कापडातली गाठ शोधतात तसा. दुसऱ्या पात्याच्या मधोमध अंगठा थांबला. मी चुलीकडं बघायचं टाळत होते.

"ही कड मी मोडली, गोल केली," तो म्हणाला. "मागाच्या लाकडाची कड नेहमी मोडायची, नाहीतर धागा अडकून तुटतो. पहिलं पातं नमुना आठवून आठवून केलं. दुसऱ्याला हात सवयीनं गेला." मग तो हसला. अण्णा हसला! "पाण्यात कुठला आलाय धागा?"

बाजेवर हात रेटून तो उठला. "रंधा कुठं ठेवलास?"

न वाकणारा गुडघा ओढत तो शेडमधे गेला. तिथला दिवा लागला, आणि लाकडावर रंधा चालल्याचा आवाज येऊ लागला. मी अंघोळ केली, कानातला गाळ काढला, पानं घेतली. हाक मारली. पुन्हा मारली.

"थांब गं," आतून आवाज आला. "काम चालू आहे."

भाकरी गार झाली. मी तशीच थांबले.