निळ्या बरण्या परदेशी जाताना

किस्से काही कुणी मुद्दाम जमवत नाही. परदेशातून नवा नियम आला की मागोमाग एक किस्सा घडायचा, आणि त्या वर्षांत आमच्या सांगानेरच्या कारखान्यात नियमांना खळ नव्हता. धाकट्या भावाची बँकेतली बदली झाली म्हणून मी कराडहून जयपूरला आलो. तो परत गेला, मी निळ्या बरण्या नि ताटल्या पेटीत भरायला राहिलो. भट्टी एका मोठ्या ऑर्डरवर चालायची. ती गेली की भट्टी बंद.

पहिलं पत्र आलं, बरण्या पास, गवत नापास! आम्ही बरण्या जवळच्या कानोता गावच्या गवतात भरायचो, तिकडच्यांना त्यातल्या किडीची भीती. मालक गोपालजी म्हणाले, "इतकी वर्षं बरण्या सुधारत बसलो. गवताकडे बघा, असं कुणी सांगितलंच नाही."

गवत गेलं, कागदाच्या पट्ट्या आल्या. मग लाकडी पेट्यांची पाळी. कीड मरावी म्हणून लाकूड तापवून घ्यायचं, वर शिक्का मारायचा. आमचा सुतार रामजीलाल घाम पुसत म्हणाला, "जयपूरच्या जूनमधून जी कीड वाचली, ती माझ्याच्यानं काय मरणार?"

झिलईत शिसं असतं म्हणून ताटल्यांमागे चिठ्ठी लावायची होती, 'जेवणासाठी नाही.' गोपालजींच्या आईनं विचारलं, "मग ताटली घेतात कशाला?"

"भिंतीवर लावतात, माँ."

"म्हणजे तिकडे भिंत जेवते."

कामावर लहान मुलं नाहीत ना, हे बघायला परदेशी गिऱ्हाइकाच्या वतीनं दिल्लीहून एक मॅडम आल्या. प्रत्येकाकडे वयाचा दाखला मागितला. मी शाळेचं तोंड पाहिलेलं नाही, दाखला कुठला? म्हटलं, "मॅडम, दात दाखवू का? तीन राहिलेत."

त्यांनी खरंच वाकून बघितलं आणि लिहिलं, 'प्रत्यक्ष पाहणी केली.'

जाता जाता मॅडमनी मला विचारलं, "पेटी नीट भरली, हे कसं ओळखता?"

"कान लावतो नि हलवतो. बोलली तर अजून कागद कोंबायचा. गप्प बसली की खिळे."

"मोजायचं साधन कुठलं?"

"कान."

"कुठला?"

"डावा."

त्यांनी तेही लिहून घेतलं. पंधरा दिवसांनी परदेशातून पत्र आलं की मोजणीच्या प्रत्येक साधनाचं तपासणी-प्रमाणपत्र पाठवा, नाहीतर ऑर्डर रद्द.

गोपालजींनी मला स्कूटरवर बसवलं आणि शहरातल्या सी-स्कीम भागात कानाच्या डॉक्टरकडे नेलं. डॉक्टरांनी बराच वेळ तपासलं. म्हणाले, "काकाजी, उजवा एकदम उत्तम. डाव्यानं मात्र निम्मंच ऐकू येतं."

पण खोटं लिहून घ्यायचं नाही, असं गोपालजींनी ठरवलं. प्रमाणपत्र होतं तसंच पाठवलं. त्यानंतर कारखान्यात सगळे पोस्टमनची वाट बघत राहिले. रामजीलाल तर माझ्या डाव्या बाजूला उभाच राहीना.

दहाव्या दिवशी उत्तर आलं. गोपालजींनी सगळ्यांना भट्टीपाशी बोलावून ते मोठ्यांदा वाचलं.

"ऑर्डर कायम. यापुढे उजवा कान वापरावा. दर वर्षी तपासून घ्यावा."